हलाखीचा निबंध

७ जानेवारी, रविवार

आज घरी जाहीर करून टाकलं. मला गणित घेऊन पुढं शिकायचंय, आणि तेही इथल्या नाही, रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या त्या मोठ्या कॉलेजात. आई म्हणाली, आधी हात धू. बाबांचं मत कळायला वेळ लागला, कारण त्यांच्या तोंडात खिळे होते.

सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणारे जुने कारागीर खिळे तोंडात धरतात. जिभेनं एकेक ओठांशी आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं उचलायचा आणि ठोकायचा. रविवारी बाबा दुकानातलं एखादं खुर्चीचं बूड घरी आणतात. मग त्यांना काही विचारलं की खिळे संपेपर्यंत थांबायचं. आई म्हणते, लग्नाचा होकारसुद्धा असाच उशिरा आला होता.

शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर म्हणाले, "गणित? आपल्या घरात? कुणावर गेलीस गं तू? मी तर गणिताच्या तासाला दुसऱ्या मजल्यावरून उडी मारून पळायचो." मागच्या वर्षी तो पहिला मजला होता. बाबांच्या थापांना दरवर्षी एक मजला चढतो.

मग माझी माहितीपुस्तिका घेऊन बसले आणि पानन् पान बघितलं. वसतिगृहाच्या फोटोपाशी थांबून म्हणाले, "खिडकीकडची खाट धर. भिंतीकडच्या खाटेला ओल येते." जसं काही राहूनच आलेत! शेवटच्या पानावर फीचा तक्ता होता. तो वाचून त्यांनी पुस्तिका आईकडे दिली, आईनं ती मिटून कपाटावर ठेवली. जेवताना कुणी विषय काढला नाही.

१९ जानेवारी

शाळेतल्या मार्गदर्शक सरांनी बोलावलं होतं. म्हणाले, प्रवेशाची काळजी करू नकोस, गुण आहेत. काळजी फीची. एक संस्था आहे, ती दरवर्षी काही मुलांची फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं करते. अर्जाबरोबर निबंध द्यायचा: माझी परिस्थिती.

निबंध म्हणजे माझा डाव्या हाताचा खेळ. आजच बसते लिहायला.

२४ जानेवारी

सरांनी निबंध परत केला. मी लिहिलं होतं की माझे वडील गावातले सगळ्यात गमतीशीर सोफेवाले आहेत. सोफा उसवला की आतून नाणी, कंगवे, पेनं, कुणाची कर्णफुलं, काय वाट्टेल ते निघतं. बाबा त्यातली एक वस्तू ठेवून घेत नाहीत. उरलेल्या कापडाची छोटी पिशवी शिवतात, सगळं त्यात घालतात आणि बिलाबरोबर मालकाच्या हातात देतात. साधं बटण असलं तरी. "सोफ्याच्या पोटातलं ते मालकाचं," असा आमच्या दुकानाचा कायदा आहे. माझी आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी मोजते आणि झोपेतही मोजते, हेही लिहिलं होतं.

सर हसले खूप. मग म्हणाले, "छान आहे. पण हे वाचून कुणी पैसे देईल का? ह्यात हलाखी कुठाय? अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? शेकडो निबंध येतात त्यांच्याकडे. वाचणाऱ्याचा घास अडकला पाहिजे."

घरी येऊन बाबांना सरळ विचारलं, "बाबा, आपल्याकडे काही हलाखी आहे का?"

"हलाखी?" बाबांनी डोकं खाजवलं. "घरात तर दिसत नाही. उद्या दुकानात बघतो, असली तर आणतो बांधून."

मी हसले नाही, तेव्हा जरा गंभीर झाले. "हे बघ वकिलीणबाई, मागायचं तर हुशार म्हणून माग. गरीब म्हणून नको. आपण कुणाचे मिंधे नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

झाकल्या मुठीत फी कशी भरतात ते मात्र सांगितलं नाही.

३० जानेवारी

बाबांनी आज पोगर घेऊन पट्ट्याला नवं भोक पाडलं. म्हणाले, हल्लीचं कातडं कसलं, महिन्याभरात ताणून सैल पडतं. मी म्हटलं, दुकानदाराला परत करा. म्हणाले, पाडलेल्या भोकासकट कोण घेणार?

सायकल अजून दुरुस्तीवाल्याकडेच आहे. इतके दिवस काय नवीन बनवतोय की काय? बाबा चालत जातात, चालत येतात, आणि चालणं तब्येतीला कसं चांगलं यावर आम्हाला व्याख्यान देतात.

५ फेब्रुवारी

दुसराही निबंध परत. "अजून कोरडा आहे," सर म्हणाले. निबंध नसून गवत असल्यासारखं! अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. सगळं पुन्हा लिहायचं, आणि लिहायला काही नाही. आम्ही गरीब आहोत, पण नीटनेटके गरीब आहोत. वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

येताना पाव घ्यायला बाबांच्या दुकानाशेजारच्या बेकरीत गेले. बेकरीवाले काका म्हणाले, "बाबांना सांग, शेजारी असून तोंड दाखवत नाहीत हल्ली." बाबा तर रोज दुपारी त्यांच्याकडेच खातात. आई पहाटेच कामाला जाते, म्हणून डब्याचा व्याप नको, असं बाबांनीच ठरवलंय. काकांचं वय झालं, दुसरं काय. बिचाऱ्यांना गिऱ्हाइकाचे चेहरे आठवेनासे झालेत.

८ फेब्रुवारी

लिहिला. एका बैठकीत लिहिला आणि तोही असा की माझं मलाच रडू आलं.

खरं सांगते, इथं तरी खरं सांगायलाच हवं: सगळं रचलंय. तीन गोष्टी रचल्या. एक, माझे वडील माझ्या शिकवणीच्या फीसाठी दुपारचं जेवत नाहीत आणि घरी येऊन पोट भरल्याचं हसत सांगतात. दोन, माझ्या पुस्तकांसाठी त्यांनी सायकल विकली. (ती नाहीतरी घरात नाहीच, म्हणून सुचलं.) तीन, ह्याच कॉलेजात एके काळी त्यांना प्रवेश मिळाला होता, पण पैशांपायी सोडून यावं लागलं, आणि ते दुःख त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ही तिसरी कल्पना म्हणजे कळस झाला. लिहिताना मी त्या निबंधातल्या बाबांवर इतका जीव टाकायला लागले की खरे बाबा घरी आले आणि शिट्टी वाजवत हातपाय धुवायला गेले तेव्हा जरा रागच आला.

सरांनी वाचून चष्मा काढला. "हे आधी का नाही लिहिलंस?" एवढंच म्हणाले.

अर्ज गेला. बाबांना वाचायला दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. "हुशार म्हणून मागितलंस ना?" विचारलं. मी हो म्हटलं.

१४ मार्च

परीक्षा संपली. गणिताचा पेपर सोपा गेला. निबंधाचा विचार मनात येतो आणि मी तो बाजूला सारते.

२ एप्रिल

निवड झाली! पहिल्या यादीत नाव आहे. आईनं मला जवळ घेतलं ते सोडेचना. बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "जाणार म्हणजे तू," म्हणाले. "गार गाव आहे. रजई जाड लागेल. मी शिवतो."

आणि पत्राच्या खालच्या बाजूला एक ओळ आहे. अंतिम मंजुरीपूर्वी संस्थेचे प्रतिनिधी घरी येतील आणि निबंधातल्या मजकुराची पालकांकडून खात्री करून घेतील. मजकूर खोटा आढळल्यास अर्ज रद्द.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४ एप्रिल

सरांना म्हटलं, थोडं वाढवून लिहिलंय. ते म्हणाले, "वाढवून सगळेच लिहितात. बाबांना आधी कल्पना देऊन ठेव, म्हणजे झालं." किती सोपं! बाबा, तुम्ही उपाशी राहता, सायकल विकून बसलात आणि आयुष्य वाया गेल्याचं दुःख उराशी बाळगून आहात, तेवढं संस्थेच्या माणसांना सांगा हं!

ज्यांनी परक्याचं बटण ठेवलं नाही त्यांना मी खोटी साक्ष द्यायला सांगू? थापा वेगळ्या. थापा मारताना बाबांचे डोळे हसतात, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. खोटं ते बोलत नाहीत. मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा आई आली. दुसऱ्यांदा ते रजईचं कापड मला खांद्याला लावून बघत होते.

९ एप्रिल

आज संस्थेच्या बाई आल्या.

केस पिकलेल्या, आवाजानं मऊ अशा बाई. आमच्या बैठकीच्या फाटक्या सोफ्यावर बसल्या. (सोफेवाल्याच्या घरचा सोफा फाटकाच असतो, हा आईचा जुना टोमणा आहे.) बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पट्टा नव्या भोकावर आवळला होता. चहा झाला. बाईंनी पिशवीतून माझा निबंध काढला. "मी वाचते, तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा," म्हणाल्या. "नियम आहे. वाईट वाटून घेऊ नका."

बाबा ऐटीत म्हणाले, "वाचा की. पोरगी लिहिते छान."

बाईंनी वाचलं. दुपारच्या जेवणाचं. माझेच शब्द, मी ज्यांच्यावर इतकी खूश होते ते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू पुसलं गेलं. मला वाटलं आता रागावतील, पण ते रागावले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला होता. चोर तर मी होते!

"हे खरं आहे?" बाईंनी विचारलं.

तोंडात खिळे नसताना बाबा इतके गप्प बसलेले मी पाहिले नव्हते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी मनात म्हटलं, नाही म्हणा बाबा. नाही म्हणा आणि सुटा. नको मला कॉलेज.

"हो," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"ही अकरावीला गेली तेव्हापासून. शिकवणी लावायची होती. माणसाला काय, एक वेळचं पुरतं."

बाईंनी सायकलीचं वाचलं. "विकली," बाबा म्हणाले. "दुरुस्तीला दिलीय असं घरी सांगितलंय." किती चटकन सुचलं त्यांना! मी एक अख्खी बैठक घालवून जे रचलं, त्याला ते बसल्या जागी ठिगळ लावत होते, आणि ठिगळ दिसतसुद्धा नव्हतं.

मग तिसरं. ते वाचताना बाईंचाच आवाज बदलला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "कुठला विषय होता तुमचा?"

"गणित," बाबा म्हणाले. दुसरं काही सुचेना म्हणून माझाच उचलला असणार. "थोडे दिवस राहिलोही तिथं. मग इकडे वडील अंथरुणाला खिळले. फीचा दुसरा हप्ता आणि त्यांचं औषध एकदमच आलं. परत आलो, एका सोफेवाल्याकडे हाताखाली राहिलो." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला हे सगळं माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं."

बाईंनी डोळे पुसले. मी खाली बघत राहिले. आई आत निघून गेली आणि बाई जाईपर्यंत बाहेर आली नाही. जाताना बाईंनी बाबांना हात जोडले.

बाबा नकला करतात, थापा मारतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण हे नाटक त्यांनी हसत केलं नाही. माझ्यासाठी ते एका परक्या बाईसमोर धडधडीत खोटं बोलले, स्वतःला भिकारी करून घेतलं, आणि मी गप्प बसून ते करू दिलं.

११ एप्रिल

बाबा घरात वावरतात, पण शिट्टी नाही, थापा नाहीत. जेवताना माझी नजर चुकवतात. मी समोर आले की उठतात. माझं तोंड बघायची इच्छा नसेल. बरोबरच आहे.

आई तर आणखी विचित्र वागतेय. कालपासून पहाटे लवकर उठून बाबांचा डबा करते. एवढी वर्षं नाही ते आत्ताच का? बाई अचानक तपासायला आल्या तर डबा हा उलटा पुरावा होईल. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती माझ्याकडे इतकं टक लावून बघत राहिली की मला वाटलं थोबाडीत मारेल. मग म्हणाली, "तू तुझी पेटी भर." बाबांनी डबा नको म्हटलं नाही. मान खाली घालून घेऊन गेले.

१७ एप्रिल

मंजुरीचं पत्र आलं. सगळं मिळालं. फी, वसतिगृह, पुस्तकं.

मला आनंद होत नाही. ज्या पैशासाठी बाबांची अब्रू गेली तो पैसा मी कसा घेऊ? ठरवलंय. उद्या संस्थेच्या कचेरीत जाऊन सांगणार की निबंध मी रचला आणि माझे वडील केवळ मला वाचवायला खोटं बोलले. कॉलेज गेलं तर गेलं. इथं शिकवण्या घेईन.

१८ एप्रिल

सकाळी कपडे करून निघाले तेव्हा बाबा दारातच रजईला शेवटचे टाके घालत बसले होते. कुठं चाललीस, विचारलं. मी सांगून टाकलं. सांगता सांगता रडायला लागले ते थांबताच येईना. म्हटलं, "तुम्हाला माझ्यामुळे खोटं बोलावं लागलं बाबा. मला माफ करा. मी सगळं खरं सांगून येते."

त्यांनी सुई थांबवली. "खोटं?"

"मी ते सगळं मनानं रचलं. उपास, सायकल, कॉलेज, सगळं."

"कुणी सांगितलं नव्हतं तुला? आत्या वगैरे?"

"आत्या काय सांगणार? सरांना हलाखी हवी होती, म्हणून लिहिलं."

"म्हणजे," बाबा एकेक शब्द जपून बोलत होते, "तू मला तसं कधी पाहिलं नाहीस. उपाशी वगैरे. घरात बसून माझ्याकडे बघत, मनात ते सगळं धरून, असं नव्हतं काही."

"नाही हो बाबा! तुमच्याकडे बघून असलं कुणाच्या मनात तरी येईल का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला वाटलं, माफ केलं. मागून आई काहीतरी बोलायला पुढं आली. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. ती मला रागावू नये म्हणून असेल. ती तशीच उभी राहिली, पदर तोंडाशी धरून.

"ये, बस," बाबा म्हणाले. मी बसले. "कचेरीत जायचं नाही."

"पण ते खोटं आहे!"

"हो," ते म्हणाले. आईकडे एकदा बघून पुन्हा माझ्याकडे वळले. "खोटं आहे. बोललो मी. माझ्या पोरीसाठी बोललो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तू तिथं जाऊन मला खोटं पाडलंस तर मात्र वाटेल. तेवढं माझ्यासाठी करू नकोस."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. ते पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणत राहिले, "खोटंच होतं गं ते, सगळं खोटंच होतं," जणू मलाच ते पटवून द्यायचं होतं. त्यांच्या सदऱ्यातून खांद्याचं हाड माझ्या गालाला टोचत होतं.

मी कचेरीत गेले नाही. कॉलेजला जाणार आहे. पण जन्मात कधी खोटा शब्द न काढलेल्या माणसाला मी तो काढायला लावला, आणि ह्याचं ओझं मला मरेपर्यंत वाहायचं आहे.